पक्षाघातानंतर शाडूच्या मातीत पुन्हा हात घालताना

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६३ वर्षांचे, मूळचे कुडाळकडचे, आता डोंबिवलीत. पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकून पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं गेलं. आता काठी घेऊन चालतात. उजवा हात खांद्यातून थोडा उचलतात, बोटं अर्धवट उघडतात, पण चालताना मूठ वळते. बोलण्यात ‘होय’, ‘नाय’ आणि आईचं नाव एवढंच. तीस वर्षं घरचा गणपती त्यांनी स्वतः शाडूचा केला. परवा माळ्यावरून मातीची गोणी आणि कोरण्या काढून दिल्या, तर चांगल्या डाव्या हातात त्यांनी कोरणी उलटी धरली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि रडले. आई म्हणते, आता माती दाखवूच नका. भाऊ म्हणतो, यंदाही गणपती त्यांनीच करायचा, जिद्द लागते. गणपतीला चार महिने आहेत. काय करावं?

माती द्या, आणि ती उद्याच द्या. फक्त यंदाचा गणपती त्यांच्यावर सोपवू नका. तुमच्या आईचं आणि भावाचं, दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण दोघांनीही ‘माती’ आणि ‘मूर्ती’ एकच धरली आहे. मूर्तीला तारीख असते. चतुर्थीला ती पूजेला बसलीच पाहिजे, तिचं नाक-डोळे चारचौघांत बघितले जाणार. पाच महिन्यांच्या पक्षाघाताच्या रुग्णावर अशी तारीख लादणं मला क्रूर वाटतं. मातीला तसं काही नसतं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की ती उद्याही तशीच मिळते.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. आमच्या क्षेत्राला सगळे ‘ओटी’, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणतात. सव्वीस वर्षं मेंदूच्या रुग्णांबरोबर काम करते आहे. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली, आणि हे शास्त्र मुळात उभं राहिलं ते विणकाम, सुतारकाम, मातीकाम अशा हाताच्या कामांवर. त्यामुळे आधी बरं व्हायचं आणि मग छंदाकडे वळायचं, हा क्रम मी मानत नाही. शिवाय माझ्या आजोळी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, होता. श्रावणात तिथे गावभरचे पाट येऊन पडायचे, आणि सोंड वळायला मी मामाच्या मांडीवर बसून शिकले. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणं जमेना.

आधी त्या उलट्या कोरणीबद्दल, कारण घरातल्या सगळ्यांना धसका तिचाच बसलेला दिसतो. ‘बाबांचं डोकं गेलं का?’ हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो मनात आहे. डोकं गेलेलं नाही. डाव्या मेंदूच्या पक्षाघातात वाचेबरोबर बऱ्याचदा आणखी एक गोष्ट बिघडते. तिला अप्रॅक्सिया म्हणतात. वस्तू ओळखता येते, ती कशासाठी आहे हे माहीत असतं, हातात ताकदही असते, पण ‘ही अशी धरायची, अशी फिरवायची’ हा हुकूम हातापर्यंत नीट उतरत नाही. म्हणूनच ही चूक चांगल्या, डाव्या हाताकडून झाली. अशी माणसं कंगवा उलटा धरतात, सदऱ्याच्या बाहीत पाय घालायला जातात, आणि आपलं चुकतंय हे बहुतेकांना कळतं. बाबा रडले ते त्यांना कळलं म्हणून. तीस वर्षं चालवलेली कोरणी आता नीट धरताही येईनाशी झाली, आणि ते सांगायला तोंडात शब्दही नाहीत. मला यात डोकं शाबूत असल्याचीच खूण दिसते.

अप्रॅक्सियात आपण सगळ्यात मोठी चूक करतो ती बोलण्याची. ‘बाबा, सरळ धरा. अहो तसं नाही, वरचं टोक खाली घ्या.’ ज्याची भाषाही अडखळली आहे त्याच्यासाठी हा नुसता कलकलाट होतो. समोर बसू नका, शेजारी बसा, म्हणजे तुमचा हात आणि त्यांचा हात एकाच दिशेला राहतो. टेबलावर एका वेळी एकच हत्यार ठेवा. त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवून कोरणी मातीला टेकवा, पहिले दोन फटके दोघांच्या हाताने घ्या आणि मग तुमचा हात हलकेच काढून घ्या. तिसरा फटका बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा येतो. चुकला तर काही न बोलता थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून दोघांनी सुरू करा. चुकीची कृती दहादा होऊ दिली तर तीच पक्की होते. रोज तीच जागा, तोच पाट, कमरेला तेच जुनं फडकं. खोट्या वस्तूंनी केलेल्या सरावापेक्षा खरं काम, खऱ्या वस्तू आणि नेहमीची जागा असली की अशा रुग्णांचा हात लवकर जागा होतो.

हे मी माझ्या एका चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सोनारकाकांना मी लाकडी खुंट्या भोकांत बसवायच्या फळीपुढे बसवलं होतं. त्यांनी ती फळी शांतपणे बाजूला सरकवली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून तांब्याची तार आणून दिली, तर पंचवीस मिनिटं मान वर केली नाही.

आता उजव्या हाताकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की बॉल दाबायला सांगितला आहे आणि बाबा दिवसातून दोनशे वेळा दाबतात. कृपा करून तो कमी करा, आणि तुमच्या फिजिओंशी यावर बोला. ज्याचा हात अगदी ढिला आहे त्याला बॉलने फारसा अपाय होत नाही. पण बाबांची मूठ चालताना आपोआप वळते, म्हणजे बोटं मिटणारे स्नायू आधीच ताठरले आहेत. मिटणं त्यांना येतंच आहे. अडलंय ते उघडणं. बॉल दाबून आपण मिटणाऱ्यालाच आणखी बळ देतो.

आणि इथे माती कामाला येते, कारण मातीत दाबण्याइतकंच थापणं आणि वळणं असतं, आणि दोन्हींना तळवा उघडा लागतो. आई भाकरी थापते तेव्हा तिचा हात बघा.

असं करा. अर्ध्या किलोचा गोळा घ्या, माती पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल. मूर्तीला आपण घेतो तितकी घट्ट सुरुवातीला नको. मनगट जोर करायला लागलं की मूठ वळते. गोळा पाटावर ठेवा. बाबांचा उजवा तळवा त्यावर ठेवा, बोटं वळलेली असली तरी चालतील, आणि त्यावर तुमचा तळवा. आता त्यांना हाताने दाबायला सांगू नका. कमरेतून पुढे झुकू द्या. अंगाचं वजन खांद्यातून, कोपरातून तळव्यावर उतरतं. तसंच थांबा. अर्ध्या मिनिटाने, कधी एका मिनिटाने, तुमच्या हाताखाली त्यांची बोटं सैल पडलेली जाणवतील. आधी मधलं बोट, मग तर्जनी. करंगळी बहुधा शेवटी. ती सैल पडली की मागे या, पुन्हा झुका. गोळा सपाट होत जाईल. मग तो उचलून पुन्हा गोल करून देणं हे डाव्या हाताचं काम.

थापणं जमायला लागलं की वळी. उघड्या तळव्याखाली गोळा पुढे-मागे. हळूहळू वळीचं एक टोक जाड आणि दुसरं बारीक करायचं. बाबांना सांगावं लागणार नाही, ती सोंड आहे हे त्यांना आपोआप कळेल. जाड आणि बारीक करायला तळव्याच्या दोन बाजूंना वेगवेगळा दाब द्यावा लागतो, आणि हाताच्या व्यायामाची कितीही महाग यंत्रं आली तरी हे इतक्या सहज शिकवणारं साधन मी पाहिलेलं नाही.

शिवाय माती नोंद ठेवते. सपाट थापलेल्या गोळ्यावर चार बोटांचे ठसे बघा. सुरुवातीला करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा ठसा जवळजवळ नसेल. दर रविवारी त्या ठशांचा फोटो काढून तारीख टाका. ‘काहीच फरक नाही’ असं बाबांना वाटेल त्या दिवशी चार आठवड्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवा. बोलून समजूत घालता येत नाही अशा माणसाला हे बघून समजतं.

बसायचं कुठे, हे महत्त्वाचं आहे. ते तीस वर्षं जमिनीवर मांडी घालून बसले असणार आणि आताही तिथेच बसायला बघतील. सध्या नको. मांडी घातली की अंग डाव्या बाजूला कलतं, उजवा हात मांडीवर लोंबतो, आणि उठताना कोणीतरी काखेतून धरून वर ओढतं. पक्षाघातात खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराविना थोडा खाली सरकलेला असतो. त्याला असा हिसका बसला की दुखणं सुरू होतं आणि महिनोन्‌महिने जात नाही. त्या हाताला धरून ओढायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावा, पाहुण्यांनाही. हात असलेली खुर्ची, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीचं, आणि उजवा कोपर पूर्ण वेळ टेबलावर, खाली घडी घातलेला टॉवेल. पाटाखाली ओलं फडकं अंथरलं की तो सरकत नाही. केकवाले वापरतात तसा फिरता पाट मिळाला तर उत्तम, मागची बाजू करायला हात लांब करावा लागत नाही. कोरणीची मूठ जाड करा: एसीच्या नळीवर असतं तसलं काळं फोम चढवलं की झालं. तारेने माती कापायची तर तारेचं एक टोक खिळ्याला बांधा.

कोणत्या हाताने काम करायचं? तुमचा भाऊ म्हणतो, डावा बांधून ठेवा म्हणजे उजवा चालेल. ही कल्पना त्याने कुठेतरी वाचली असावी आणि तिला आधार आहे. एडवर्ड टाउब या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या कामातून ती पद्धत आली. २००६ साली तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २२२ रुग्ण होते, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले, आणि चांगल्या हातावर मोजा चढवून दोन आठवडे कसून सराव करून घेतल्यावर दुबळ्या हाताचा वापर खरोखर वाढला. यातून एक गोष्ट मनात पक्की करा: सहा महिन्यांनंतर काहीच सुधारत नाही, हे खोटं आहे. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, पुढे तो मंदावतो, पण थांबत नाही. मात्र त्या चाचणीत मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडणारेच रुग्ण घेतले होते, आणि रोजचा सराव तज्ज्ञांसमोर व्हायचा. बाबांना तोल जाऊ नये म्हणून डावा हात लागतो, काठी त्याच हातात असते. घरी बांधाबांधी करू नका.

माझ्या मते वाटणी अशी असावी. नाजूक काम, कोरणीचं काम, डावा हात करेल. वस्तू चांगली झाल्याचं समाधान त्यांना मिळालंच पाहिजे, नाहीतर ते चौथ्या दिवशी पाट बाजूला सरकवतील. उजवा सध्या मदतनीस. आधी नुसता वजन म्हणून मातीवर ठेवलेला, मग गोळा सरकू नये म्हणून धरणारा, मग थापणारा, मग वळणारा. सुरुवातीच्या पायऱ्यांना महिनाही लागेल. पण एक नियम कडक पाळा: मातीसमोर बसल्यावर उजवा हात मांडीवर पडलेला दिसता कामा नये. काहीच करत नसेल तरी तो टेबलावर, नजरेसमोर, शक्यतो मातीला टेकलेला हवा.

उजव्या हाताला स्पर्श कितपत कळतो, ते डोळे मिटायला लावून बघा. कळत नसेल तर हाताकडे बघूनच काम करायची सवय लावावी लागेल. हात धुवायचं पाणी डाव्या हाताने किंवा तुम्ही तपासा, नाहीतर भाजलेलं कळणार नाही. आणि काम झाल्यावर वळलेल्या मुठीतली माती नीट काढून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तिथे ओल राहून कातडी सडलेले हात मी बरेच बघितले आहेत.

वेळ: सकाळी, अंघोळ-नाश्ता होऊन थोडं बसल्यावर, पंधरा ते वीस मिनिटं. पहिले दोन आठवडे घड्याळ लावा आणि बाबा रंगात आले असतील तरी थांबवा. पक्षाघातानंतरचा थकवा आपल्या थकव्यासारखा नसतो. तो काम करताना जाणवत नाही, दोन तासांनी अंगावर येतो आणि अख्खा दिवस खातो. दुपारी ते नेहमीपेक्षा जास्त झोपले, पाय जास्त ओढायला लागले, ‘होय’च्या जागी ‘नाय’ यायला लागलं, तर सकाळचं काम जास्त झालं असं समजा. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. शांतता हवी, टीव्ही बंद. बोलायचं झालं तर मालवणीत बोला, शुद्ध मराठीचा आग्रह नको. इतक्या वर्षांच्या कामाबरोबर लहानपणाची भाषा आली तर येऊ द्या.

रडण्याबद्दल. पक्षाघातानंतर मेंदूचा भावनांवरचा लगाम कधी कधी सुटतो आणि माणूस लहानशा कारणाने रडतो, क्षणात थांबतो. ते वेगळं. पण साधारण तीनातल्या एका रुग्णाला खरं नैराश्य येतं, आणि बोलता येत नसलं की ते कोणाच्या लक्षात येत नाही. जेवण कमी, पहाटे जाग, व्यायामाला नकार, नातवंडांकडेही लक्ष नाही, असं दोन आठवडे दिसलं तर डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे आणि ते घेतल्यावर हाताचा व्यायामही सुधारतो. मातीमुळे रडू आलं म्हणून माती लपवू नका. आईंना सांगा, रडले तर शेजारी बसायचं, पाठीवर हात ठेवायचा, आणि रडू ओसरलं की गोळा पुन्हा पुढे सरकवायचा.

धोक्याच्या गोष्टी चटकन सांगते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धारदार पाती, पत्र्याच्या कोरण्या सध्या नकोत. लाकडी, बांबूच्या चालतील. फिट आली असेल तर एकट्याने काम नाही. गोणीतली कोरडी शाडूची पूड बाबांनी भिजवायची नाही, ती बारीक धूळ छातीला वाईट, आणि गिळायला त्रास होणाऱ्यांचा खोकलाही दुबळा असतो. माती तुम्ही दुसऱ्या खोलीत भिजवा, सुकलेली वस्तू घासायची तर ओल्या स्पंजने. गोणी, बादली त्यांनी उचलायची नाही. फरशीवरचं पाणी लगेच पुसा. पंजा सुजला, लाल-गरम झाला, हलवल्यावर खूप दुखायला लागला तर काम थांबवून तपासून घ्या. बीपी जास्त भरलं त्या दिवशी सुट्टी. आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात एकदम पडला, उरलेलं बोलणंही गेलं तर वाट बघायची नाही, १०८ लावायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

राहिला यंदाचा गणपती. पाट या वर्षी शाळेत द्या, गावच्या नाहीतर डोंबिवलीतल्या. पण द्यायला बाबांना बरोबर घेऊन जा, मूर्ती किती उंच, बैठक कशी, सोंड कुठल्या बाजूला, हे तिथे त्यांनी बोट दाखवून ठरवू द्या. तीस वर्षांची नजर कुठेही गेलेली नाही. घरी चार महिन्यांत त्यांच्याकडून मोदक होतील, कदाचित ताटभर. मोदकाला कळ्या पाडायला चिमूट लागते. उजव्या हाताची चिमूट परत येतेय का हे तिथे कळेल, डाव्याने पाडल्या तरी बिघडत नाही. आणि जमला तर उंदीर. उंदीर म्हणजे अंडाकृती गोळा, दोन कान, एक शेपटी, आणि शेपटी म्हणजे पुन्हा तीच तळव्याखालची वळी. तो वेडावाकडा झाला तर सरळ करायला जाऊ नका, त्याला तुमचं बोट लागलं तर तो त्यांचा राहणार नाही. शाळेतून आलेल्या मूर्तीच्या पायाशी तोच ठेवा. डोळ्यांच्या आखणीचं मात्र मनातून काढा, यंदा तो विषयही नको.

उद्या सकाळी त्यांना ‘माती करायची का?’ असं विचारू नका. ‘नाय’ हा शब्द त्यांना सोपा आहे, तोच येईल. टेबलावर पाट मांडा, ओल्या फडक्यातला गोळा ठेवा, कोरण्या एकही नको. त्यांची खुर्ची ओढून ठेवा आणि शेजारी बसून तुम्ही स्वतः सोंड वळायला घ्या. तुम्हाला ती नीट जमणार नाही. ते बघत राहतील, आणि मग तुमच्या हातातून गोळा घेतील.